अण्णांचं मौन

माझे वडील बोलके. बोलके हा शब्दही त्यांना पुरत नाही. हिंगोलीकडच्या आमच्या साखरा गावाहून जवळच्या गोरेगावच्या बाजाराला निघाले की जीपमध्ये बसल्याबसल्या ते शेजारच्याला विचारणार, "कुठल्या गावचे पाव्हणे?" आणि गोरेगाव येईपर्यंत त्या माणसाच्या विहिरीला पाणी कितव्या हाताला लागलं, थोरली पोरगी कुठं दिली, जावई कसा निघाला, हे सगळं अण्णांना ठाऊक झालेलं असायचं. आणि त्या माणसाला आमच्या घरचं. मी कितवीत आहे, कोणत्या विषयात गचकलो, हेसुद्धा. लहानपणी मी जीपच्या टपावर जाऊन बसायचो, इतकी मला त्याची लाज वाटायची. आता मला निराळ्या गोष्टीची लाज वाटते आणि तीच सांगायला बसलो आहे.

मी संस्कृत घेतलं ते गुणांसाठी. हिंगोलीला मामाकडे शिकायला होतो, तिथं हुशार पोरांनी संस्कृत घ्यायचं असा रिवाज होता, कारण त्यात शंभरापैकी पंच्याण्णव पडतात. भाषेशी आमचा तेवढाच संबंध. मला मात्र पुढे ती आवडत गेली, म्हणून नांदेडला जाऊन बी.ए., एम.ए. केलं आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलो. तिथं माझ्या खोलीच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहायच्या, कुठल्याशा सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना स्तोत्रं, सूक्तं यांचं पठण फार शुद्ध येत होतं. माझं एम.ए. झालेलं, पण तोंड उघडलं की बाई खाटेच्या लाकडावर बोट आपटून थांबवायच्या. "पुन्हा." दोन वर्षं रोज संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसलो. मला जे काही म्हणता येतं ते सगळं त्यांचं आहे. हे वाक्य मी आज लिहितो आहे. ज्या वेळी बोलायला हवं होतं त्या वेळी बोललो नाही.

कोरोनात कॉलेज बंद पडलं आणि आमच्या तासिकाही. मी हिंगोलीला परत येऊन एक खोली घेतली. बसल्या बसल्या एका मित्राच्या नादानं पठणाची दोन-चार रेकॉर्डिंगं इंटरनेटवर टाकली. दोन महिन्यांनी पोलंडहून एका नर्स बाईचं पत्र आलं: मला शिकवाल का? मग तिच्या ओळखीनं आणखी आले. जर्मनीचे, मेक्सिकोचे, ब्राझीलची एक बाई. दुपारी तीनला वर्ग. खाली पिठाची गिरणी, तिची घरघर सुरू असायची, आणि वर मी मोबाईल पुस्तकांच्या चवडीला टेकवून जगभरच्या माणसांना शिकवत बसायचो.

खरं सांगतो, सुरुवातीला मला त्यांचं हसू यायचं. अंघोळ न करता म्हटलं तर चालेल का, असं विचारायचे. मी स्वतः दात घासायच्या आधी चहा पिणारा माणूस. पण मी गंभीर चेहऱ्यानं सांगायचो, हातपाय धुतले तरी पुरे. पोलंडची नर्स वॉर्डात शिरण्याआधी दाराशी उभी राहून एक ऋचा तीनदा म्हणायची, पदराखालच्या दिव्यासारखं जपून, कुणाला ऐकू न जाता. ब्राझीलची बाई पहाटे स्वयंपाकघरात दिवा लावून बसायची. आमच्या दुपारी तिच्याकडं उजाडत असायचं. एका अक्षराचा उच्चार चुकला तर ती दुसऱ्या दिवशी तेच अक्षर शंभर वेळा म्हणून यायची. आमच्या गावाकडं सकाळी लाऊडस्पीकरवर जे वाजतं आणि कुणी ऐकत नाही, ते ही माणसं घोटभर पाण्यासारखं धरून होती. हसणं माझं हळूहळू थांबलं. पण त्यांच्याइतकं खरं मी कधी म्हटलं नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही.

एका दुपारी नर्स बाईनं विचारलं, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

साधा प्रश्न होता. नांदेडच्या बाईंचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी इंटरनेटवर इतर शिकवणारे पाहिले होते. त्यांच्या मागे घराणी होती, गुरुकुलं होती, भस्म लावलेल्या आजोबांचे फोटो होते. त्यांच्यापुढं खाटेवर बोट आपटणारी निवृत्त कारकून बाई मला किरकोळ वाटली. मी म्हणालो, "वडिलांनी. त्यांना त्यांच्या वडिलांनी."

माझे आजोबा हयातभर दुसऱ्याच्या वावरात सालगडी होते आणि अण्णांना पेपर वाचता येतो, बस्स. पण पडद्यावरच्या सगळ्या चौकटींमधली माणसं हात जोडून बसली. तेव्हाच मी 'थांबा, चुकलं' म्हणू शकलो असतो. मी म्हटलं नाही, उलट पुढच्या वर्गात आणखी भर घातली. थाप एकटी राहत नाही, तिला भावंडं लागतात. वडील पहाटे उठतात, जमिनीवर जगतात, मितभाषी आहेत, असं काहीबाही मी सांगत गेलो. त्यातलं पहाटे उठणं आणि जमिनीवर जगणं खरं होतं, शेतकरीच ते. मितभाषी म्हणताना मात्र माझी मलाच शरम वाटायला हवी होती.

मग व्हायचं तेच झालं. नर्स बाई आणि ब्राझीलची बाई, दोघींचं मिळून भारतात यायचं ठरलं. औंढ्याच्या नागनाथाचं दर्शन घ्यायचं आणि "गुरूंच्या गुरूंना" भेटायचं. नर्स बाईनं लिहिलं, वडिलांच्या तोंडून दोन ओळी ऐकायला मिळाल्या तर आमचं येणं सार्थकी लागेल.

 घाईघाईत मी उत्तर लिहिलं: वडील सध्या मौनात आहेत.

त्याचा परिणाम असा झाला की दोघींचा आदर दुप्पट झाला. मौन हा शब्द त्यांना आधीच माहीत होता. आमच्याकडून निघालेले असे कितीतरी शब्द तिकडं जाऊन सोवळ्यात राहतात. आम्ही इथं ते पायरीवर ठेवलेल्या चपलांसारखे वापरतो. त्या रविवारी मी साखऱ्याला गेलो.

"अण्णा," मी म्हणालो, "ते लोकं येतील तवा तुमी काही बोलू नका."

"काहून? राग हाय का मह्यावर त्यांचा?"

"न्हाई. मी सांगितलंय, तुमचं मौन हाय म्हणून."

अण्णा हसायला लागले. "मह्या मायनं धरलं व्हतं अधिक महिन्यात. तिसऱ्या दिशी शेळी सुटली अन् मोडलं."

माय चुलीपुढून म्हणाली, "चाळीस वर्सं झाले, तुह्या बापाला गप बसवणं मला जमलं न्हाई. तुला काय जमून राहिलं!"

"दोन घंट्यांचं तर काम हाय," मी म्हणालो.

अण्णांनी थोडा विचार केला. "पन एक इच्यारू का नुस्तं? त्यांच्याकडं सोयाबीन व्हते का, तेवढंच."

"न्हाई अण्णा. एक शब्द न्हाई."

त्यांनी कारण पुन्हा विचारलं नाही. "तुह्या कामाचं हाय नं? मग बसतो," म्हणाले. मला त्या क्षणी बरं वाटलं. काम सोपं झालं असंच वाटलं.

त्या आल्या तो माघातला दिवस होता, हरभरा काढणीला आलेला. अण्णा एरवी पायजमा घालतात, मी त्यांच्यासाठी पांढरं धोतर आणलं होतं. कपाळाला गंध लावलं, गळ्यात औंढ्याहून घेतलेली रुद्राक्षांची माळ घातली. ओसरीत सतरंजी टाकून त्यावर त्यांना बसवलं. गावात त्यांनी आठवडाभर आधीच "मह्या पोराचे पाव्हणे येऊन राहिले, इमानानं" असं सांगून ठेवलेलं, त्यामुळे सकाळपासून माणसं चकरा मारत होती. मी एकेकाला वाटेला लावलं. आमच्या दाराशी माणूस आला आणि चहा न घेता गेला, असं त्या घरात पहिल्यांदा घडलं. अण्णा ते ओसरीतून पाहत होते.

गाडी थांबली. दोघींनी बूट थेट फाटकाबाहेरच काढले आणि अनवाणी आत आल्या. नर्स बाई साठीची, आखूड पांढरे केस, सुती पंजाबी ड्रेस. दुसरी चाळिशीची, उंच, सावळी, वावरात राबल्यासारखे तिचे हात. दोघी अण्णांच्या पायाशी वाकल्या. अण्णांचं तोंड सवयीनं उघडलं, 'या, बसा' म्हणायला. मग माझ्याकडं लक्ष गेलं आणि मिटलं. मायनं पाणी आणलं. त्या दोघी कुजबुजतच बोलत होत्या, मौनाचा मान म्हणून. आमच्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पत्र्यावर चिमण्यांच्या पायांचा आवाज येत होता.

मग दोघींनी मी शिकवलेलं सूक्त म्हटलं. काय सांगू! एकही स्वर हलला नाही. नांदेडच्या बाईंनी ऐकलं असतं तर खाटेवरचं बोट उचललं नसतं. साखऱ्यात, टिनपत्र्याच्या ओसरीत, सातासमुद्रापलीकडच्या दोन बायका ते म्हणत होत्या, आणि अण्णा डोळे मिटून हात जोडून ऐकत होते. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण कुणी देवाचं म्हणतंय म्हटल्यावर हात जोडायचे हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्या ओसरीत खोटा मी एकटाच होतो.

म्हणणं संपल्यावर ब्राझीलची बाई माझ्याकडं वळून इंग्रजीत बोलू लागली. तिचे वडीलही शेतकरी. सोयाबीनचे. कोरोनात गेले. ती दुसऱ्या शहरात होती, वाटा बंद, अंत्यविधीला पोचली नाही. मरायच्या चार दिवस आधी त्यांचा फोन आला होता, पावसाचं काहीतरी सांगत होते. तिला घाई होती, तिनं 'नंतर बोलू' म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून ती रोज पहाटे दिवा लावून हे म्हणते ते त्यांच्यासाठी. "मला ठाऊक आहे, यांचं मौन आहे," ती म्हणाली. "पण मला माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाकडून काहीतरी हवंय. काहीही."

यातला एक शब्द अण्णांना कळला होता. सोया. ती दोनदा म्हणाली होती. अण्णा ताठ झाले. त्यांनी तिच्या हातांकडं पाहिलं, मग तिच्या रडणाऱ्या तोंडाकडं, मग माझ्याकडं. ओठ हलले. भुवया वर गेल्या. बोलू का?

मी मान हलवली. नाही. अगदी थोडी, त्या दोघींना दिसणार नाही इतकी.

हे मी केलं. कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. 'वडिलांनी तुमच्यासाठी मौन सोडलं' एवढं म्हटलं असतं तर थापही टिकली असती आणि माणूसही. ते मला आठवड्यानंतर सुचलं. त्या वेळी एवढंच डोक्यात होतं की अण्णा आता 'तुमच्याकडं एकरी किती पोते पडते?' असं विचारतील, आणि मला त्याचं इंग्रजी करून सांगावं लागेल, आणि ऋषी जाऊन साखऱ्याचा म्हातारा उरेल.

अण्णा क्षणभर माझ्याकडं तसेच पाहत राहिले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती हमसून रडली. नर्स बाईनंही डोळे पुसले. मी त्या दोघींपुढे पाण्याचा तांब्या धरला, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

गाडी गेली. मला वाटलं, आता अण्णा दोन तासांचं तुंबलेलं सगळं एकदम सोडतील. त्यांनी आधी धोतर सोडून पायजमा घातला. माळ काढून माझ्या हातात दिली. मग ओसरीच्या कडेला बसून विचारलं, "सोयाबीनचं काय म्हनत व्हती ती?"

मी सांगितलं, सगळं. फोनचंही सांगितलं.

अण्णा बराच वेळ गप्प होते. दिवसभरात पहिल्यांदाच आपल्या मर्जीनं. मग म्हणाले, "अरं, मग बोलू द्यायचं नं मला. मी काय येदातले मंतर बोलनार नव्हतो. इच्यारलं असतं, बापाचं वावर आता कोन पाह्यतं? पाऊस कसा हाय तिकडं? रडनाऱ्या मानसाला इच्यारा लागते, बाबू. नुस्ता डोस्क्यावर हात ठिवून काय व्हते."

"तिला बरं वाटलं, अण्णा," मी म्हणालो. "तिनं तसं सांगितलं."

"तिला वाटलं असंन. मला न्हाई वाटलं."

माय भांडी विसळत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "बापाची लाज वाटते तर तसं सांगायचं. देव काहून केला त्याचा?"

"लाज न्हाई माय, तसं काही न्हाई," असं मी म्हणालो. तिनं विसळलेलं पातेलं पालथं घातलं.  जीपच्या टपावर जाऊन बसणारं पोरगं मोठं होऊन तेच करत होतं, फक्त आता त्यानं बापालाच खाली उतरवलं होतं.

महिनाभरानं ब्राझीलहून पत्र आलं. त्या बाईनं लिहिलं होतं, तुमच्या वडिलांच्या हाताखाली ती जी काही क्षणांची शांतता मिळाली, तशी आयुष्यात कधी मिळाली नव्हती. आता ती दर गुरुवारी सकाळी एक तास बोलत नाही. वर्गातल्या बाकीच्यांना हे आवडलं आणि त्यांनीही सुरू केलं. नर्स बाईच्या इस्पितळातल्या दोघीजणी, मेक्सिकोतलं एक जोडपं, कुणी कुणी. आधी सूक्त म्हणायचं आणि मग तासभर गप्प. त्या तासाला त्यांनी माझ्या वडिलांचं नाव दिलं आहे. साखऱ्यातल्या सगळ्यात बोलक्या माणसाच्या नावानं जगात चार ठिकाणी दर गुरुवारी माणसं तोंड मिटून बसतात. एखाद्या परंपरेचा उगम असाही असू शकतो. आपण ज्यांना हात जोडतो त्यातल्या कितीकांचा असा असेल, कोण जाणे. मला तो विचार करायचा अधिकार नाही.

मी एकदा खरं सांगायचा प्रयत्न केला. नर्स बाईला म्हणालो, "माझ्या वडिलांना संस्कृत येत नाही. मी नांदेडच्या एका बाईंकडं शिकलो." ती पडद्यावर हसली, हात जोडले, म्हणाली, "ज्याला येतं तो असंच म्हणतो. तुमच्याकडची ही नम्रता आम्हाला शिकायची आहे." मी तिथंच थांबलो. पुढं रेटून सांगायला हवं होतं, मौनाचं, मान हलवल्याचं. ते सांगितलं असतं तर ब्राझीलच्या बाईला मिळालेलं समाधान तिच्या हातातून काढून घेतलं असतं, असं मी मनाशी म्हणतो. ते खरंही आहे. पण मी गप्प बसलो ते तिच्यासाठी नाही. जेवढं खरं नम्रता म्हणून खपेल तेवढंच मी बोललो आणि वर्ग पुढे चालू ठेवला. नांदेडच्या बाईंना भेटायला अजून गेलेलो नाही.

यंदा दिवाळीनंतर माझ्या भाचीला बघायला आखाडा बाळापूरहून पाहुणे आले. बहीण दिवाळीला माहेरी आलेली होती, म्हणून बैठक साखऱ्याला. असल्या बैठकीत अण्णा म्हणजे आमच्या घराचा बोलका भाग. बहिणीचं लग्न त्यांनी नुसत्या बोलण्यावर जमवलं होतं. नवऱ्या मुलाचा चुलता रुसून निघाला होता, त्याला बैलांच्या गप्पांत गुंतवून परत बसवलं होतं. पाहुणे सतरंजीवर बसले, पाणी झालं. आता अण्णा विचारणार, वाटेत तकलीफ तर झाली नाही ना, असं धरून मी मायकडं चहाचं सांगायला उठत होतो.

अण्णांनी तोंड उघडलं आणि थांबले. भरल्या बैठकीत माझ्याकडं पाहून त्यांनी विचारलं, "बोलू का?"

पाहुणे हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मायनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"बोला की अण्णा," मी म्हणालो. 

अण्णांनी पाहुण्यांना पाऊसपाणी विचारलं, घर किती माणसांचं ते विचारलं. मग "बाकीचं पोरगं बोलंन," असं म्हणून माझ्याकडं बोट दाखवलं आणि मांडीवर हात ठेवून गप्प बसले.